न पटणारीं उत्तरें

रत्नागिरीच्या बाजारांत दोन बायका शेजारीं शेजारीं रायवळ आंबे विकावयास बसल्या आहेत, अशी कल्पना करावी. प्रत्येकीच्या टोपलींत ३० आंबे. पहिलीचे आंबे लहान. ती १० रुपयांस तीन देते. दुसरीचे मोठे, ती १० रुपयांस दोन देते. म्हणजे सर्व माल खपल्यावर पहिलीस १०० रुपये मिळावयाचे व दुसरीस १५०. दोघींचे मिळून २५०. एके दिवशीं दुसरीस लवकर घरीं जावयाचें होतें. तिनें आपली टोपली शेजारणीच्या स्वाधीन केली आणि निघतांना सांगितलें, "बाय, तुझे तीन नि माझे दोन मिळून पांच आंबे वीस रुपयांस दे. दोन भाव सांगत बसावयास नको." शेजारणीनें तसेंच केलें. ६० आंब्यांचे १२ वांटे झाले आणि संध्याकाळीं तिच्या पदरांत २४० रुपये पडले. दहा रुपये कमी!

हे दहा रुपये कोठें गेले? टोपलीच्या मालकिणीस पहिला संशय यावयाचा तो शेजारणीच्या सचोटीचा. वर्षानुवर्षें एका सावलींत बसणाऱ्या दोघींचा स्नेह या दहा रुपयांपायीं तुटावयाचा. आणि चोरी तर कोणींच केलेली नाहीं! कोडें ऐकणारी मंडळीही बहुधा बेरीज पुन्हां पुन्हां तपासतात, आणि ती दर खेपेस बिनचूकच निघते.

खरा प्रकार असा. पांचाच्या वांट्यांत तीन लहान आणि दोन मोठे आंबे जावयाचे. अशा १० वांट्यांत लहान आंबे ३० म्हणजे सगळे संपले. मोठे मात्र २० च गेले. उरलेल्या दोन वांट्यांत दहाही आंबे मोठेच होते. त्यांचे ५० रुपये यावयाचे, ते ४० त गेले. गिऱ्हाइकांपैकीं शेवटच्या दोघांचें फावलें, एवढाच काय तो घोटाळा. मोठे आंबे ३० च्या ऐवजीं २० असते, तर एक पैही कमी पडली नसती. दोन भावांची सरासरी काढतांना त्या भावांनीं किती माल जावयाचा आहे हें पाहिलें नाहीं, कीं हिशेब असा फसतो.

हीच चूक रस्त्यावरही होते. रत्नागिरीहून गणपतीपुळ्यास सायकलनें निघालेला एक तरुण चढउतारामुळें जातांना ताशीं १० किलोमीटरच चालला. परततांना त्यानें किती वेगानें यावें, म्हणजे जाण्यायेण्याची सरासरी ताशीं २० पडेल? शेंकडा नव्वद माणसें क्षणाचाही विचार न करितां ३० म्हणतात. तीस वेगानें तो आला तर सरासरी १५ च पडते. चाळीस, शंभर, पाहिजे तो वेग घ्यावा. सरासरी २० होणें नाहीं. कारण दुप्पट अंतर दुप्पट वेगानें कापावयाचें, तर वेळ तेवढाच हवा. आणि तो वेळ तर जातांनाच संपून गेला! येथें शहाणीं माणसेंही वाद घालतात. घालूं द्यावा, कागदावर दोन ओळी मांडल्या कीं वाद मिटतो.

रत्नागिरीचें व गणिताचें नातें जुनें आहे. लोकमान्य टिळक हे गणिताचे पदवीधर. त्यांचा जन्म १८५६ सालीं रत्नागिरीस झाला. याच जिल्ह्यांत, दापोलीजवळ मुर्डी येथें, १८७६ सालीं रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे जन्मले. १८९९ सालीं केंब्रिज येथें सीनियर रँग्लर होण्याचा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होत. पुढें ते फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. त्यांच्या नांवाचें गणिताचें पारितोषिक १९२७ सालीं त्याच कॉलेजांत शिकलेल्या ज्या विद्यार्थ्यास मिळालें, तो म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. डहाणूस जन्मलेल्या या गृहस्थांनीं आपली हयात देवळालीच्या शाळेंत मास्तरकी करण्यांत घालविली. संख्यांशीं खेळणें हा त्यांचा छंद होता, आणि शाळाकॉलेजांतून मुलांना ते खेळ दाखविण्यांत त्यांना मोठें सुख वाटे. विद्वानांनीं या छंदास बरींच वर्षें पोरखेळ मानलें. अमेरिकेंतील मार्टिन गार्डनर यांनीं १९७५ सालीं 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकांत त्यांच्या संख्यांविषयीं लिहिलें, तेव्हां त्यांचें नांव जगभर झालें. ही दाद फार उशिरा मिळाली, असें म्हणणें भाग आहे.

कापरेकरांनीं १९४९ सालीं मद्रासच्या गणित परिषदेंत मांडलेला चमत्कार श्रोत्यांनीं पेन्सिल घेऊन स्वतःच करून पाहावा. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. चारही अंक सारखे मात्र नसावे. तिचे अंक उतरत्या क्रमानें मांडावे, त्यांतून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी, आणि येईल त्या उत्तरावर हाच प्रयोग चालवावा. सात वजाबाक्यांच्या आंत ६१७४ ही संख्या आलीच पाहिजे. आणि एकदां आली कीं ती हलत नाहीं, कारण ७६४१ मधून १४६७ वजा केले तरी ६१७४ च उरतात. ऐकणाऱ्यास हें पटत नाहीं. इतक्या संख्या, आणि सर्वांची वाट एकच कशी?

याचें मर्म पहिल्याच वजाबाकींत आहे. तिचें उत्तर सबंध संख्येवर अवलंबून नसतें. सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील अंतराची ९९९ पट, अधिक मधल्या दोन अंकांतील अंतराची ९० पट, एवढेंच तें असतें. म्हणून ८९९१ निरनिराळ्या संख्या पहिल्याच पायरीवर अवघ्या ५४ उत्तरांत गोळा होतात. आणि ५४ उत्तरें हातानें तपासणें ही एका दुपारची गोष्ट आहे. टिळकांचें जन्मवर्ष १८५६ घ्यावें: ८६५१ उणे १५६८, बाकी ७०८३. परांजप्यांचें १८७६ घ्यावें: ८७६१ उणे १६७८, बाकी पुन्हां ७०८३! दोन्हीं सालांत टोकांच्या अंकांचें अंतर ७, मधल्यांचें १. तेथून पुढें ८३५२, आणि मग ६१७४. तीन पायऱ्यांत दोघेही मुक्कामास पोहोंचतात.

स्वतः कापरेकरांचा जन्म १९०५ चा. त्यांची वाट मात्र लांबची निघते: ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, आणि सातव्या वजाबाकीस ६१७४.