बिननगरसेवकाची चार वर्षं
(एका शहरी साहित्य संमेलनातलं अध्यक्षीय भाषण)



उद्घाटक महोदय शाल-श्रीफळ घेऊन पुढच्या कार्यक्रमाला गेले आणि त्यांच्यामागोमाग पहिल्या दोन रांगाही गेल्या. बरं झालं. आता घरचीच माणसं उरली आहेत, तेव्हा मोकळेपणानं बोलतो. सरकारला बोल लावणारच आहे, पण पहिला मान तुमचा.

कालच्या परिसंवादाचा विषय होता 'देशाची सद्यस्थिती आणि लेखक'. मी शेवटपर्यंत बसलो होतो. पाच वक्ते, पाचही तावातावानं बोलले. संसद झाली, राज्यपाल झाले, निवडणूक आयोग झाला. शिवसेना २०२२ मध्ये फुटली, राष्ट्रवादी २०२३ मध्ये फुटली, १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा बघत राहिला. जानेवारी २०२४ मध्ये विधानसभा अध्यक्षांनी शिवसेनेचा निकाल वाचला तेव्हा दोन्ही गटांतला एकही आमदार अपात्र ठरला नाही. सगळं खरं, आणि चीड यावी असंच. टाळ्याही कडकडून पडल्या. पण ज्या शहरात हा परिसंवाद रंगला, त्या शहराला आत्ताआत्तापर्यंत जवळजवळ चार वर्षं एकही नगरसेवक नव्हता, याबद्दल पाचांपैकी एकाच्याही तोंडून अवाक्षर निघालं नाही. दिल्लीचं दुःख आपल्याला टीव्हीवर रोज रात्री नऊला भेटतं. गल्लीचं दुःख बघायला चपला घालून बाहेर पडावं लागतं, एवढाच काय तो फरक.

राज्यघटनेचं २४३-यू कलम काढून वाचा. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं ते आलं आणि १ जून १९९३ पासून लागू आहे. महापालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही. आणि मुदत संपायच्या आत पुढची निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे. यात पळवाट काढायला फारशी जागा नाही. तरीही मुंबई आणि पुण्याची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, नवी मुंबई आणि छत्रपती संभाजीनगरची तर २०२० मध्येच, आणि राज्यातल्या २९ महापालिकांचं मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला.

कारणं होती ना! ओबीसी आरक्षणाचा प्रश्न खरा होता. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२१ मध्ये आकडेवारी मागितली आणि ती गोळा करायला वेळ लागणार होता, हे मान्य. पण प्रभागांचं काय? एका सरकारनं मुंबईचे प्रभाग २२७ वरून २३६ केले, पुढच्या सरकारनं ते पुन्हा २२७ वर आणले. प्रत्येक वेळी नवा आराखडा, नव्या हरकती, नव्या सुनावण्या, नवी याचिका. आणि हे सगळं २०११ च्या जनगणनेवर, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही. पंधरा वर्षांपूर्वीची माणसं मोजून आजचे प्रभाग पाडले. शेवटी मे २०२५ मध्ये न्यायालयानं कान उपटले, चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणालं. ते चार महिनेही पुरले नाहीत आणि ३१ जानेवारी २०२६ पर्यंत मुदत वाढवून द्यावी लागली.

एवढ्या काळात यासाठी कुठला पक्ष रस्त्यावर ठाण मांडून बसल्याचं तुम्हाला आठवतं? मला नाही आठवत. सत्तेत कोण होतं आणि विरोधात कोण, हा प्रश्नच गैरलागू. दोघांच्या जागा मधल्या मधे बदलल्या, पण हूं की चूं नाही. आमदाराला नगरसेवक हा उद्याचा प्रतिस्पर्धी असतो. तो नसला की रस्त्याच्या भूमिपूजनाला नारळ फोडणारा एकच हात उरतो. नगरसेवकांऐवजी कारभार बघणाऱ्या प्रशासकाला सभागृहात कुणी उभं करत नाही, आणि त्याची बदली कुणाच्या हातात असते ते तुम्हाला मी सांगायला नको.

मुंबईचंच बघा. २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा, गोव्याच्या राज्य अर्थसंकल्पाच्या दुपटीहून मोठा. तो आयुक्तांनी मांडला. कुणापुढे? प्रशासकापुढे. प्रशासक कोण? तेच आयुक्त. स्थायी समिती नाही, कपात सूचना नाही, रात्री उशिरापर्यंत चाललेली सभा नाही. नगरसेवक काही संत नव्हेत. टक्केवारी आम्हालाही ठाऊक आहे. पण भ्रष्ट माणसाला निदान पाच वर्षांनी दारात यावं लागतं.

आता आमच्या गल्लीचं ऐका. महापालिकेचं नाव घेत नाही. ऐन पावसाळ्यात आमच्या कोपऱ्यावरच्या ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण गेलं. लोकांनी त्यात झाडाची फांदी खोचली, फांदीला लाल कापड बांधलं आणि शेजारी मोडकी प्लास्टिकची खुर्ची उलटी ठेवली. मी ॲपवर फोटोसकट तक्रार टाकली. काही दिवसांनी मोबाइलवर संदेश आला: 'आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे.' सोबत काम झाल्याचा पुरावा म्हणून फोटो. उघडून बघतो तर माझाच फोटो! तीच फांदी, तीच खुर्ची. पूर्वी अशा वेळी नगरसेवकाच्या घराची कडी वाजवता यायची. तो झोपेतून उठायचा, कपाळाला आठ्या घालायचा, पण मुकादमाला फोन लावायचा. ॲपला कपाळच नसतं.

आता म्हणाल, लेखकानं गटारावर बोलायचं का? या प्रश्नाची मी वाटच बघत होतो. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लिटन पुण्यात येणार म्हणून स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला. हे पैसे गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं म्हणत त्याला विरोध करणारे जोतीराव सभागृहात एकटे होते. पुढे आचार्य अत्रे त्याच नगरपालिकेत निवडून गेले आणि रे मार्केटची महात्मा फुले मंडई व्हावी म्हणून त्यांनी पुढाकार घेतला. हजार रुपयांच्या स्वागतखर्चावर भांडताना जोतीरावांच्या लेखणीला कमीपणा आला नाही, आणि मंडईच्या नावावर भांडताना अत्र्यांच्याही नाही. आपण मात्र उद्घाटकांच्या सत्काराचा खर्च कुणी केला, हेसुद्धा विचारत नाही. कार्यवाह, माझ्याकडे असं बघू नका. तुम्हाला एकट्याला नाही म्हणत, मीही शाल घेतलीच आहे.

आणि नागरिकांना तर काय म्हणावं! चार वर्षांनी मतदान आलं, तर मुंबईत जेमतेम निम्म्याच्या वर मतदार बाहेर पडले. कल्याण-डोंबिवलीसारख्या शहरात कित्येक जागांवर मतदानाआधीच बिनविरोध विजयाचा गुलाल उधळला गेला. त्या जागांपुरतं तुमचं मतही गेलं आणि 'वरीलपैकी कोणीही नाही' म्हणायचा हक्कही गेला. जिथं लढत झाली तिथं आपल्या सोसायट्यांनी काय मागितलं? माझ्याच इमारतीच्या सभेत मी हजर होतो. अध्यक्षांनी यादी वाचली: पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक, गेटवर सीसीटीव्ही, जिन्याला रंग. जो आधी देईल त्याला एकगठ्ठा मतं. सभेत बसलेले निम्मे लोक काल परिसंवादात टाळ्या वाजवत होते. 'राजकारण विकाऊ झालंय' या वाक्याला सर्वात जोरात टाळी ज्यानं दिली, त्याच्याच मजल्यावर आधी रंग लागला. नाव विचारू नका, तो आत्ताही इथंच बसलाय आणि खाली बघतोय.

दरवर्षी या संमेलनात ठराव होतात. सीमाभागाचा होतो, मराठी शाळांचा होतो, ग्रंथालयांच्या अनुदानाचा होतो. ते सगळे मुंबईच्या आणि दिल्लीच्या पत्त्यावर जातात आणि कुठल्या तरी कपाटात विसावतात. यंदा एक ठराव असा करू की त्याचा पत्ता चालत जाण्याच्या अंतरावर असेल. गावाला ग्रामसभा आहे, तशी शहराला क्षेत्रसभेची तरतूद आपल्याच विधिमंडळानं २००९ साली कायद्यात केली. नगरसेवकानं आपल्या भागातले मतदार बोलवायचे, त्यांनी कामं सुचवायची, प्रश्न विचारायचे. कायद्याच्या पुस्तकात ती सुखानं नांदते आहे. इथं बसलेल्यांपैकी कुणी आजवर क्षेत्रसभा पाहिली आहे? एकही हात वर नाही. वाटलंच होतं.

तर ठराव असा: नव्यानं निवडून आलेल्या प्रत्येक नगरसेवकानं आपल्या प्रभागात येत्या तीन महिन्यांत क्षेत्रसभा बोलवावी, अशी लेखी मागणी हे संमेलन करत आहे, आणि इथला प्रत्येक लेखक-कवी आपापल्या प्रभागात ते पत्र स्वतः नेऊन देईल, पोच घेईल आणि सभेला हजर राहील. कवितावाचनाला नाही, प्रश्न विचारायला. प्रस्ताव मी मांडला आहे. आपल्या प्रभागाचे नवे नगरसेवक तिथं चौथ्या रांगेत बसले आहेत, त्यांनी निघायची घाई करू नये.

अनुमोदन कोण देतंय?