किरकोळ अपघात आणि उशिरा उमगलेली दुखापत

केळवे-माहीम रस्ता वाड्यांमधून वळणे घेत जातो. त्यावर होणाऱ्या लहान अपघातांपैकी बहुतेक कोणाच्याही दप्तरी लागत नाहीत. शनिवार-रविवारी किनाऱ्याकडे निघालेल्या गाडीचा आरसा दुचाकीच्या हँडलला लागतो, दुचाकीवाला पडतो, हात टेकून उठतो. चार माणसे जमतात, गाडीवाला हजार-दोन हजार काढून देतो आणि जागच्या जागी मांडवली होते. पालघर-बोईसर रस्त्यावर पाळी सुटण्याच्या वेळी तारापूरच्या कारखान्यातला ठेकेदारीचा कामगार असाच पडतो आणि हजेरी बुडू नये म्हणून दुसऱ्या दिवशी कामावर जातो. अपघात किरकोळ होता, हा निवाडा तिथे दहा मिनिटांत होतो. तो देणारा बहुधा जखमी माणूसच असतो, आणि आपल्या शरीरात काय झाले आहे हे त्या क्षणी त्याला कळलेले नसते.

शरीराचा निवाडा नंतर येतो. हात टेकून पडल्यावर मनगटातले स्कॅफॉइड हे छोटे हाड मोडू शकते, आणि पहिल्या एक्स-रेत ती चीर अनेकदा दिसतच नाही. अंगठ्याच्या मुळाशी दाबल्यावर दुखत असेल तर एक्स-रे स्वच्छ असूनही मनगट आधारात बांधून ठेवायचे आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायचा, अशी वैद्यकातली रीत आहे. या हाडाला रक्त कमी मिळते. हयगय झाली तर ते जुळत नाही आणि मनगट कायमचे आखडते. मानेला बसलेला हिसका दुसऱ्या दिवशी सकाळी जाणवतो. सर्वांत फसवा मार डोक्याचा. वयस्क माणसाच्या, त्यातही रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्याच्या, कवटीआत रक्त थेंबाथेंबाने साचत जाते. तीन-चार आठवड्यांनी तो बोलताना अडखळू लागतो, चाल बिघडते, आणि घरच्यांना ते वयाचे वाटते. तोवर रस्त्यावरचे पडणे विस्मरणात गेलेले असते.

अशी दुखापत उघड झाली की कायद्यातले तिचे नावही बदलते. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 नुसार हाड मोडणे किंवा निखळणे ही ‘गंभीर दुखापत’ आहे. पंधरा दिवस तीव्र वेदना असणे किंवा नेहमीचे व्यवहार करता न येणे हेही त्यात येते. जुन्या दंड संहितेत हे दिवस वीस होते. मनगटातली केसाएवढी चीरही या व्याख्येत बसते. ज्याला सारे ‘खरचटले’ म्हणाले, त्याची बाब पंधरवड्यानंतर गंभीर ठरते.

भरपाईचा अर्ज मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 166 खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे करायचा असतो. तो किती दिवसांत करावा, या प्रश्नावर कायद्याने दोनदा भूमिका बदलली आहे. मूळ 1988 च्या कायद्यात मुदत सहा महिने होती आणि सबळ कारण असले तरी बारा महिन्यांपलीकडे अर्ज घेता येत नसे. धन्नालाल नावाच्या दावेदाराचा अर्ज ही मर्यादा उलटून चार दिवसांनी आला, म्हणून फेटाळला गेला. 14 नोव्हेंबर 1994 पासून संसदेने मुदतीची अटच काढून टाकली आणि 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या दुरुस्तीचा लाभ धन्नालाल यांना दिला. त्यानंतर पाव शतकाहून अधिक काळ उशीर हा दाव्याचा शत्रू नव्हता. 2019 च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची अट परत आणली. ती 1 एप्रिल 2022 पासून लागू झाली, आणि या खेपेस उशीर माफ करण्याची तरतूदही ठेवली नाही. मुदत मोजायची ती अपघाताच्या दिवसापासून, दुखापत कळली त्या दिवसापासून नव्हे. उशिरा उमटणाऱ्या दुखापतीवर हा सरळ अन्याय आहे. या अटीला आव्हान देणाऱ्या याचिकांवर नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला, की निकाल लागेपर्यंत केवळ मुदतीच्या कारणाने अर्ज फेटाळू नयेत. हा आसरा तात्पुरता असल्याने सहा महिने हीच सीमा धरून चालणे शहाणपणाचे आहे.

पोलिसांकडे उशिरा जाण्याचा प्रश्न निराळा. रवी विरुद्ध बद्रीनारायण या 2011 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अपघातानंतर माणसाची पहिली धाव दवाखान्याकडे असते. फिर्याद उशिरा दिली एवढ्यावरून दावा खोटा ठरत नाही. उशिराचे कारण मात्र खरे आणि पटणारे हवे. वाडीतल्या मजुराने ‘दुखणे आपोआप जाईल असे वाटले आणि रोज बुडवणे परवडत नव्हते’ असे जबाबात सांगितले तर ते लाजिरवाणे नाही. बनवलेल्या कारणापेक्षा ते कितीतरी अधिक टिकते.

अडचण आणखी एक आहे. 2022 च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल 48 तासांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो, आणि कलम 166(4) नुसार पोलिसांचा अहवालच दाव्याचा अर्ज मानता येतो. जखमीला दारोदार फिरावे लागू नये म्हणून केलेली ही व्यवस्था चांगली आहे. पण ती पोलिसांना कळल्याशिवाय सुरूच होत नाही. मांडवली झालेला अपघात तिच्या बाहेर राहतो. पैसे घेतले वा न घेतले, गाडीचा क्रमांक टिपणे, जागेचा फोटो काढणे आणि ठाण्यात साधी स्टेशन डायरी नोंद करणे ही तीन कामे त्याच संध्याकाळी व्हायला हवीत. वाहनमालकाचे नाव आणि विम्याची कंपनी क्रमांकावरून नंतर शोधता येते. क्रमांकच नसेल तर काहीच सापडत नाही.

डॉक्टरांनी एका कागदाकडे विशेष लक्ष द्यावे: पहिला केस पेपर. त्यावर नुसते ‘पडून मार’ लिहिले तर तीन आठवड्यांनी दिसलेले फ्रॅक्चर घरात पडल्याचे आहे, असे विमा कंपनीचे वकील म्हणू शकतात. ‘मोटारीच्या धडकेने दुचाकीवरून पडला, उजवा हात टेकला, अंगठ्याच्या मुळाशी दुखरे, एक्स-रेत फ्रॅक्चर नाही, चौदा दिवसांनी पुन्हा दाखवावे’ हे लिहायला दोन मिनिटे लागतात. अपघात आणि दुखापत यांना जोडणारा पुरावा बहुतेक वेळा तेवढाच असतो. रोग्याने तो कागद औषधाच्या चिठ्ठीसारखा टाकून देऊ नये, हेही त्याला तिथेच सांगावे.

रकमेचा हिशेब राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालाने घालून दिला आहे. साध्या दुखापतीत उपचाराचा खर्च, बुडालेली कमाई आणि वेदनेची भरपाई मिळते. पुढील कमाईचे नुकसान फक्त कायम अपंगत्वाचा पुरावा असेल तर. तिथेही शरीराच्या अपंगत्वाची टक्केवारी म्हणजे कमाईच्या नुकसानीची टक्केवारी नव्हे. मनगट आखडलेला कारकून कामावर राहतो; पानवेलीची बांधणी करणाऱ्याची किंवा यंत्रावर बसणाऱ्याची बोटे वळत नसतील तर त्याचा धंदाच जातो. म्हणून तो रोज नेमके काय काम करत होता, हे हजेरीपत्रक, ठेकेदाराचा जबाब किंवा वाडीमालकाची साक्ष यांनी सिद्ध करावे लागते. त्याच निकालाने उपचार करणाऱ्या किंवा अपंगत्व मोजणाऱ्या डॉक्टरची साक्ष घ्यावी, असा आग्रह धरला.

धडक देणारे वाहन सापडलेच नाही तर कलम 161 खालील योजनेतून गंभीर दुखापतीला 50,000 रुपये मिळतात, आणि त्यासाठी अर्ज महसूल अधिकाऱ्याकडे जातो. वाहन माहीत असेल तर दावा अपघाताच्या जागी, जखमीच्या राहत्या किंवा कामाच्या ठिकाणी, अथवा प्रतिवादीच्या गावी चालू शकतो. केळव्यात पडलेल्या आणि गावी परतलेल्या परप्रांतीय कामगाराला त्यासाठी पुन्हा इथवर यावे लागत नाही.