प्रवेशाचा पैसा वेळेवर हवा

(जैनाबाद येथे मंडळाच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेल्या भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



सर्वप्रथम बारावीत यश मिळवलेल्या सर्व मुलामुलींचे मनापासून अभिनंदन. हार-तुरे झाले, पेढे वाटले गेले. आता जे बोलणार आहे ते मुलांपेक्षा पालकांसाठी आहे.

चाळीस वर्षांपूर्वी आम्ही दोघे मित्र याच गावातून तापी ओलांडून बऱ्हाणपूरला शिकायला जात होतो. त्याचे गणित माझ्यापेक्षा पक्के होते. बारावीनंतर दोघांनाही इंदूरला प्रवेश मिळत होता. पैसे आठ दिवसांत भरायचे होते. माझ्या वडिलांनी त्याच आठवड्यात दोन म्हशी विकल्या. त्याच्या वडिलांकडे विकायला काही नव्हते. "यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू" असे ठरले आणि तो पॉवरलूमवर लागला. पुढचे वर्ष कधी आलेच नाही. मी साहेब झालो, यात माझी हुशारी किती आणि त्या दोन म्हशी किती, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

मंडळी, गरिबाचे मूल शिकू शकत नाही असे आपण म्हणतो. पण अडचण नेमकी कुठे येते, ते बारकाईने पाहिले पाहिजे. पुष्कळदा ती पैसा किती यापेक्षा पैसा कधी, यात असते.

२०२४ सालचे उदाहरण घ्या. उत्तर प्रदेशातील एका मजुराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली. १७,५०० रुपये भरायचे होते. ते जमवता जमवता मुदत काही मिनिटांनी हुकली आणि जागा गेली. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने आपले विशेष अधिकार वापरून त्याला प्रवेश द्यायला लावला. तो दिल्लीपर्यंत पोहोचला. आपल्या गल्लीतले मूल पोहोचेल का?

यात नवे काही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले, तेथून लंडनला गेले. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडचे कर्ज जमेपर्यंत १९२० उजाडले. बाबासाहेबांसारख्या बुद्धिमंताची तीन वर्षे पैशासाठी थांबली, तिथे आपल्या मुलांचे काय?

आज योजना नाहीत असे मी म्हणणार नाही. मध्य प्रदेशात २०१७ पासून मेधावी विद्यार्थी योजना आहे. ठरावीक गुण आणि उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांची फी सरकार भरते. पण मेस आणि अनामत रक्कम त्यात धरलेली नाही. इंदुरात खोलीचे भाडे, डबा, पुस्तके हा खर्च घरचाच. 'गाँव की बेटी' योजनेत मुलीला दरमहा ५०० रुपये मिळतात, त्यात महिन्याचा डबाही होत नाही. आणि शिष्यवृत्ती येते नंतर, कॉलेज पैसे मागते आधी.

मग बँकेचे कर्ज. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. निवडक नामांकित संस्थांसाठी तारण आणि जामीनदार लागत नाही. पण आपली बहुतेक मुले त्या यादीबाहेरच्या कॉलेजांत जातात. तिथे मोठ्या कर्जाला बँक तारण मागते.

इथे आपल्या जुन्या घराण्यांचे दुखणे आहे. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलो, वाडा आहे, केळीचे शेत आहे, म्हणून आपण स्वतःला खाऊनपिऊन सुखी समजतो. पण खसऱ्यावर अजून आजोबांचे नाव! वाटण्या कागदावर झालेल्या नाहीत. चार काकांच्या सह्या मिळाल्याशिवाय ती जमीन तारण ठेवता येत नाही, आणि तोवर प्रवेशाची फेरी संपते. नावाला श्रीमंत, हाती दमडी नाही. ऐपत आहे म्हणून कोणी मदत करत नाही, आणि ऐपत वेळेला कामी येत नाही. अशा वेळी घरातल्या मुलाची सोय कशीतरी होते. थांबते ती मुलगी.

आणखी एक गैरसमज. भुसावळ-जळगाव आपल्याला जवळचे, सोयरीक तिकडची. महाराष्ट्राने २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. पाहुणे सांगतात, "इकडे पाठवा, फुकट आहे." पण आपला रहिवासी दाखला मध्य प्रदेशचा. कर्नाटक सीमेवरच्या ८६५ गावांतील मराठी मुलांना महाराष्ट्र प्रवेशात सवलत देतो. आपला भाग वादातला नाही, म्हणून आपल्याला ती नाही. भाषा इकडची, दाखला तिकडचा. भांडण केले नाही, याची शिक्षा मुलांना का? बऱ्हाणपूरच्या मराठी मुलांचाही विचार व्हावा, असे निवेदन मंडळाने मुंबईला आणि भोपाळला, दोन्हीकडे द्यावे.

पण सरकारची वाट पाहत बसू नये. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, ती मूठ मूठ धान्यावर आणि मुलांच्या श्रमावर उभी राहिली. आपल्याला तर फार थोडे करायचे आहे.

मंडळाने एक प्रवेश निधी काढावा. दान म्हणून नव्हे, बिनव्याजी हातउसने म्हणून. अर्ज आल्यापासून दोन दिवसांत पैसा हाती पडावा. शिष्यवृत्ती किंवा कर्ज आले की परत करावा. कोणी घेतला, हे व्यासपीठावरून कधीही जाहीर होऊ नये. मुलींचा अर्ज आधी पाहावा. उत्पन्न आणि रहिवासी दाखल्यांचे शिबीर निकालानंतर नको, मार्च-एप्रिलमध्येच घ्यावे. आणि ज्येष्ठांना हात जोडून विनंती, हयातीतच जमिनीचे कागद सरळ करा. नातवंडांसाठी याहून मोठा आशीर्वाद नाही.

लग्नात मंडप आणि बँडवर आपण काय खर्च करतो, ते मी सांगायला नको. त्यातला एक दिवसाचा बँड कमी करा. निधीतली पहिली पावती माझ्या नावाने फाडा. त्या दोन म्हशींचे देणे माझ्याकडे चाळीस वर्षे थकले आहे.