बोटांचे दुखणे काळजापर्यंत

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)



आम्हा कवी मंडळींनी काळजावर फार लिहिले. ते मोडले, जाळले, कुणाकुणाच्या पायाशी नेऊन ठेवले. बोटांवर मात्र कुणी फारसे लिहिले नाही. आमचा यवतमाळ जिल्हा कापसाचा. दिवाळीच्या सुमारास इथल्या बायांची बोटे सकाळपासून बोंडांत असतात. या बोटांचा आणि काळजाचा एक संबंध आहे, आणि तो शायरीतला नाही, रक्तातला आहे. मी डॉक्टर नाही, साधा बी. ए. झालेला माणूस. पण घरात हा आजार आला, म्हणून वाचले, चार जाणत्यांना विचारले.

सांधा दुखला की आपल्याकडे एकच शब्द निघतो, वात. पण उतारवयात गुडघा झिजतो ते वेगळे आणि डॉक्टर ज्याला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो आमवात वेगळा. तो ऐन तिशी-चाळिशीतही येतो, पुरुषांपेक्षा बायकांना दुप्पट-तिप्पट. दोन्ही हातांची पेरे आणि मनगटे सुजतात, सकाळी तास-तासभर हात आखडून राहतात. माझी थोरली बहीण, आमची आपा, फजरच्या नमाजासाठी वुजू करायला उठायची तर नळाची तोटी फिरवता येईना. "बाबू, सकाळी हे हात माझे नसतातच रे," असे ती म्हणाली, तेव्हा आम्हाला वाटले, वय झाले. वय होते सेहेचाळीस.

हा आजार शहरी किंवा श्रीमंती नाही. १९९६ साली पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. तिच्यात साधारण दोनशे प्रौढांमागे एकाला आमवात आढळला. हाच हिशेब धरला तर हजार प्रौढांच्या गावात पाच जण झाले. त्यातल्या कितींना आपल्या आजाराचे नाव ठाऊक असेल?

आता रक्तातली गोष्ट. शरीरात जंतू शिरला की संरक्षक पेशी काही प्रथिने सोडतात. टीएनएफ आणि इंटरल्युकिन-६ ही त्यातली दोन नावे. गावात चोर आल्याची दवंडी पिटणारे हे हरकारे. चोर पळाला की दवंडी थांबायला हवी. आमवातात ती थांबत नाही, कारण शरीर स्वतःच्याच सांध्याला चोर समजून बसलेले असते. दवंडी ऐकून यकृत आणखी एक प्रथिन तयार करते, सीआरपी. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात ते प्रथम सापडले. कुठेतरी आग आहे, हे सांगणारा हा धूर. साध्या रक्ततपासणीत तो मोजता येतो.

पण हे हरकारे बोटांच्या पेरात बसून राहत नाहीत. रक्ताबरोबर सगळीकडे फिरतात, आणि रक्तवाहिनीच्या आतल्या नाजूक अस्तरालाही दाह पोचवतात. तिथे चरबीचे थर साचतात, दाहाने ते ठिसूळ होतात, एखाद्या दिवशी थर फुटतो, रक्ताची गुठळी होते, आणि हृदयाची वाट बंद. आमवाताच्या रोग्याला हृदयविकाराचा धोका इतरांच्या साधारण दीडपट असतो. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने तर डॉक्टरांना सांगूनच ठेवले आहे, की नेहमीच्या कोष्टकाने धोका काढा आणि त्याला दीडने गुणा.

यात एक चकवा आहे. आमवात जोरात असताना रक्तातले कोलेस्टेरॉल पुष्कळदा कमीच दिसते. रिपोर्ट पाहून घरचे म्हणतात, चला, काळजी मिटली. ती मिटलेली नसते. आकडा दाहामुळेच खाली आलेला असतो.

गावाकडे खरा घोटाळा होतो तो पुढे. हात दुखतात म्हणून माणूस औषधाच्या दुकानात जातो. एक डायक्लोफेनॅक, सोबत स्टेरॉइडची बारीक गोळी. दोन दिवसांत बाई पुन्हा वेचणीला. डायक्लोफेनॅकने ठणका थांबतो, पण सांधा खाणारा आजार थांबत नाही. उलट अशा वेदनाशामकांनी हृदयाचा धोका वाढतो. रोफेकॉक्सिब नावाचे औषध २००४ साली याच कारणाने जगभरातून मागे घेतले गेले. स्टेरॉइडने दाह उतरतो खरा, पण वर्षानुवर्षे घेतले तर रक्तदाब आणि साखर वाढते. (डायक्लोफेनॅक दिलेली जनावरे खाऊन आपली गिधाडे संपत आली, म्हणून २००६ मध्ये गुरांसाठी ते बंद झाले. माणसांचे दुकान चालूच आहे.)

मग दवंडीच थांबवली तर? लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी आणि त्यांचे सहकारी मार्क फेल्डमन यांनी लंडनमध्ये १९९२ साली टीएनएफला अडवणारे औषध आमवाताच्या रोग्यांना प्रथम दिले. सुजलेले सांधे उतरले. पुढे २००७ मध्ये ब्रिटनमधल्या रोग्यांच्या नोंदींतून दिसले, की या औषधाने ज्यांचा आजार सहा महिन्यांत आटोक्यात आला, त्यांना हृदयविकाराचे झटके कमी आले. ज्यांचा आला नाही, त्यांना हा लाभ दिसला नाही. मला हा पुरावा सगळ्यात बोलका वाटतो. मात्र ही इंजेक्शने महाग, आणि दबलेला क्षयरोग त्यांनी उसळू शकतो, म्हणून आधी तपासणी लागते.

आपल्या खिशाला परवडणारे औषध आहे मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे. रोज घेतले तर जीवावर बेतते, हे दोनदा सांगतो: आठवड्यातून एकदाच. सोबत फॉलिक अ‍ॅसिड, ठरावीक काळाने रक्त आणि यकृताची तपासणी, आणि दिवस गेले असतील किंवा मूल हवे असेल तर हे औषध नाही. असा दाह नसलेल्या हृदयरोग्यांनी ते हृदयासाठी म्हणून घेऊ नये. अमेरिकेत तसा प्रयोग झाला, फायदा झाला नाही.

आणखी एक. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या नोंदी सांगतात, की आमवाताच्या रोग्यांना छातीत कळ न येताच झटका येऊन जाण्याचे प्रमाण जास्त असते. तेव्हा चार पायऱ्यांत दम लागणे, विनाकारण घाम फुटणे, असली लक्षणे वातावर ढकलू नयेत, ईसीजी काढावा. धूम्रपानाने तर आमवात आणि हृदयविकार दोन्हींना आमंत्रण मिळते. आणि आपला खर्रा बिनधुराचा असला, तरी त्यातला तंबाखू हृदयाला सोडत नाही. हे मी पानठेल्यावर बोललो की मित्र विषय बदलतात.

आपाची गोळी सोमवारची. सहा महिन्यांनी सूज उतरली तशी ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली, आता दुखत नाही तर गोळी कशाला? बाईंनी तिच्यापुढे दोन जुने रिपोर्ट ठेवले आणि सीआरपीच्या आकड्यांवर बोट ठेवले. आपा चौथी शिकलेली. पण आता रिपोर्ट हाती आला की चष्मा लावून आधी ती ओळ शोधते, साखरेची नंतर.