फेलिशिया ब्राउन : एका स्वयंसैनिकेचे स्मरण



युद्धात पडलेल्या सेनापतींचे पुतळे उभारले जातात. आपणहून बंदूक उचलणाऱ्या साध्या सैनिकाच्या वाट्याला पुष्कळदा कबरही येत नाही. फेलिशिया ब्राउन ही अशांपैकीच एक. १९०४ साली इंग्लंडमध्ये जन्मलेली, लंडनच्या स्लेड कलाशाळेत शिकलेली ही चित्रकार पुढे काही काळ बर्लिनमध्ये राहिली. नाझींचा उदय तिने जवळून पाहिला आणि १९३३ साली ती कम्युनिस्ट पक्षात गेली.

जुलै १९३६ मध्ये ती बार्सिलोनात होती. हिटलरच्या ऑलिंपिकला उत्तर म्हणून तेथे योजलेला लोकांचा क्रीडामहोत्सव सुरू होण्यापूर्वीच स्पेनच्या सेनाधिकाऱ्यांनी प्रजासत्ताकाविरुद्ध बंड केले. इंग्लंडच्या सरकारने 'हस्तक्षेप नको' हे धोरण स्वीकारले; ब्राउनने ऑगस्टच्या आरंभी लोकसेनेत नाव नोंदविले. लढण्यात आपण पुरुषांहून उण्या नाही, असे तिने बजावून सांगितले. २५ ऑगस्ट रोजी आरागॉन आघाडीवर तार्दियेन्ताजवळ रेल्वे उडविण्याच्या मोहिमेत एका जखमी इटालियन साथीच्या मदतीला ती धावली आणि गोळ्यांना बळी पडली. वय अवघे ३२. देह तेथेच सोडून साथींना माघारी फिरावे लागले. मागे राहिली ती तिची रेखाचित्रे. लंडनमध्ये त्यांचे प्रदर्शन भरवून स्पेनच्या मदतीसाठी निधी उभारण्यात आला.

ती कम्युनिस्ट होती. मग समाजवाद्यांनी तिचे स्मरण का करावे? प्रश्न रास्त आहे. मे १९३७ मध्ये त्याच बार्सिलोनाच्या रस्त्यांवर डाव्यांनी डाव्यांवर गोळ्या झाडल्या आणि पुढच्याच महिन्यात आंद्रेउ निन यांची हत्या झाली. हे विसरता कामा नये. परंतु तो जाब नेतृत्वाला विचारावयाचा आहे. जखमी साथीकडे धावणाऱ्या सैनिकाकडून तो मागणे हा अन्याय होईल.

नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार हेही स्पेनमध्ये लढले, १९३८ साली फ्रँकोच्या कैदेत पडले आणि सुटून मायदेशी आले. परत आलेला माणूस आपली हकीकत स्वतः सांगू शकतो. जे परतले नाहीत त्यांची हकीकत मागे राहिलेल्यांनीच सांगावयाची असते, आणि ती सांगताना मृताचे सभासदपत्र तपासावयाचे नसते. नेत्यांच्या जयंत्या शाखाशाखांतून होतातच; २५ ऑगस्टची एक संध्याकाळ या बिनकबरीच्या सैनिकांसाठी राखून ठेवण्यास कोणत्याही पक्षाच्या ठरावाची गरज नाही.