ऑर्लीहून निघालेली टॅक्सी



सप्टेंबर १९६७. पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावर वीस वर्षांचा एक तरुण उतरला. त्याला घ्यायला कुणीच आले नव्हते. नव्या क्लबची माणसे ल बुर्जे या दुसऱ्याच विमानतळावर वाट पाहत होती. तरुणाने थोडा वेळ वाट पाहिली, मग टॅक्सीला हात केला आणि चालकाला सांगितले, सँ-एतियेनला चला. ते शहर तिथून जवळजवळ पाचशे किलोमीटरवर. मुंबईत टॅक्सीत बसून ‘गोव्याला घ्या’ म्हणावे, तसाच हा प्रकार. पण टॅक्सी खरोखरच तेवढे अंतर कापून गेली आणि भाडे क्लबने चुकते केले.

त्या तरुणाचे नाव सालिफ केइता. मालीचे जगप्रसिद्ध गायक सालिफ केइता हे वेगळे. हा फुटबॉलपटू, लाडाचे नाव डोमिंगो.

माली हा पश्चिम आफ्रिकेतला देश १९६० साली फ्रान्सच्या ताब्यातून मुक्त झाला. राजधानी बामाको. तिथेच डिसेंबर १९४६ मध्ये केइताचा जन्म झाला आणि सोळाव्या वर्षी तो देशाकडून खेळू लागला. आफ्रिकेतल्या विजेत्या क्लबांची स्पर्धा तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. तिच्या पहिल्या दोन्ही अंतिम सामन्यांत बामाकोचे संघ पोहोचले, आधी स्ताद मालियाँ आणि मग रियल बामाको. केइता या दोन्ही संघांकडून खेळला, आणि दोन्ही वेळा हार वाट्याला आली. पण बामाकोत राहणारे शार्ल दागेर नावाचे एक लेबनीज गृहस्थ त्याचा खेळ पाहत होते. ते सँ-एतियेन क्लबचे निस्सीम चाहते. या पोराला बोलवा, अशी पत्रे त्यांनी क्लबला धाडली. मालीच्या राज्यकर्त्यांना आपला सर्वांत मोठा खेळाडू जुन्या मालकाच्या देशात जावा हे रुचणारे नव्हते. त्यामुळे केइताला गाजावाजा न करता, चोरपावलांनी देश सोडावा लागला.

सँ-एतियेन हे कोळशाच्या खाणींचे, बंदुका आणि सायकली बनवणाऱ्या कारखान्यांचे, कामगारांचे शहर. सामन्याच्या दिवशी खाणकामगार जॉफ्रुआ-गिशार मैदानाकडे निघायचे. तिथले लोक क्लबच्या हिरव्या जर्सीवर जीव टाकत. प्रशिक्षक होते आल्बेर बात्यू, १९५८ च्या विश्वचषकात फ्रान्सला तिसऱ्या क्रमांकावर नेणारे जाणते गृहस्थ. आणि संघात होता रशीद मेखलूफी.

मेखलूफीबद्दल थोडे सांगायलाच हवे. हा अल्जीरियाचा खेळाडू. १९५८ मध्ये तो फ्रान्समधली नोकरी, पैसा आणि विश्वचषकाची संधी सोडून गुपचूप निघून गेला आणि अल्जीरियाच्या स्वातंत्र्यलढ्याच्या फुटबॉल संघात दाखल झाला. १९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाल्यावर तो सँ-एतियेनला परतला आणि प्रेक्षकांनी त्याला पुन्हा आपले म्हटले. १९६८ च्या फ्रेंच कपच्या अंतिम सामन्यात क्लबचे दोन्ही गोल त्याचेच. केइताला फ्रान्समध्ये पहिल्याच वर्षी असा सहकारी मिळाला, ही फार मोलाची गोष्ट आहे. परदेशात चाकरी करूनही मान ताठ ठेवता येते, याचे उदाहरण त्याच्या शेजारीच कपडे बदलत होते.

केइताचा खेळ डोळ्यांना सुखावणारा होता. उंच, सडपातळ बांधा, लांब ढांगा. चेंडू पायाजवळ असा राहायचा की बचावपटूला नेमका कुठे पाय घालावा हेच कळत नसे. १९६८, १९६९ आणि १९७० अशी सलग तीन वर्षे सँ-एतियेन फ्रान्सचा विजेता ठरला. १९६९ च्या शरद ऋतूत युरोपियन कपमध्ये समोर बायर्न म्युनिक आले. बेकेनबाउअर, म्युलर आणि गोलरक्षक मायर अशी नावे त्या संघात. म्युनिकमधला पहिला सामना सँ-एतियेनने ०-२ असा गमावला. परतीच्या सामन्यात हर्व्हे रव्हेलीने दोन गोल केले आणि शेवटची दहाएक मिनिटे उरली असताना तिसरा केइताने मारला. बायर्न स्पर्धेबाहेर गेले. सँ-एतियेनच्या जुन्या माणसांना ती रात्र अजून तोंडपाठ आहे.

१९७० मध्ये ‘फ्रान्स फुटबॉल’ या नियतकालिकाने आफ्रिकेतल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार सुरू केला आणि पहिला मान केइताला दिला. पुढच्या मोसमात त्याने लीगमध्ये ४२ गोल केले. एवढे करूनही तो दुसराच, कारण मार्सेयच्या योसिप श्कोब्लारने ४४ केले होते. सँ-एतियेनसाठी केइता लीगचे दीडशे सामनेही खेळला नाही. गोल मात्र सव्वाशेच्या आसपास. क्लबच्या बोधचिन्हावर पुढे जो काळा बिबट्या आला, तो याच माणसाच्या आठवणीचा.

आता त्याच्या कारकिर्दीतला अवघड भाग. माझ्या मते केइताची खरी थोरवी इथेच दिसते, गोलांच्या आकड्यांत नाही.

त्या काळच्या फ्रेंच फुटबॉलमध्ये क्लब हा मालक आणि खेळाडू जवळपास वेठबिगार होता. १९६९ पर्यंत व्यावसायिक खेळाडूचा करार त्याला वयाच्या पस्तिशीपर्यंत एकाच क्लबला बांधून ठेवत असे. बाजारात किंमत कितीही वाढो, क्लबने सोडले तरच सुटका. याविरुद्ध १९६१ मध्ये खेळाडूंची संघटना उभी राहिली. तिच्या संस्थापकांपैकी एक यूजेन न्जो लेआ, कॅमेरूनचा खेळाडू. तोही एके काळी सँ-एतियेनचाच. १९६९ मध्ये मुदतीचे करार आले. ती सुधारणा मालकांना मागे घ्यायची होती, म्हणून डिसेंबर १९७२ मध्ये फ्रान्सचे खेळाडू संपावर गेले.

केइताचा क्लबशी तंटा झाला तो याच १९७२ मध्ये. पैसा आणि कराराची मुदत या दोन्हींवरून बिनसले. त्याला मार्सेयला जायचे होते, सँ-एतियेनचे अध्यक्ष रोजे रोशे सोडायला तयार नव्हते. वाद फुटबॉलच्या अधिकाऱ्यांपर्यंत गेला आणि ऐन उमेदीत त्याला काही काळ मैदानाबाहेर बसावे लागले. शेवटी तो मार्सेयला गेला. तिथे सँ-एतियेनविरुद्ध खेळताना त्याने दोन गोल केले आणि जुन्या क्लबच्या पदाधिकाऱ्यांकडे पाहून हाताने अपमानकारक खूणही केली. ती त्याला शोभली नाही, हे म्हटलेच पाहिजे. पण ज्या शहराने डोक्यावर घेतले, त्याच शहराच्या क्लबने हक्क नाकारल्याची जखम त्यामागे होती.

मार्सेयमध्ये नवाच पेच उभा राहिला. एका संघात दोनच परदेशी खेळाडू चालत आणि क्लबकडे श्कोब्लार आणि स्वीडनचा मॅग्नुसन असे दोघे होतेच. क्लबने केइताला तोडगा सुचवला, फ्रेंच नागरिकत्व घे. अनेकांनी ते आनंदाने घेतले असते. घर, पगार आणि नाव सगळे फ्रान्समध्येच होते. केइताने नकार दिला. त्याचा देश स्वतंत्र होऊन पुरती तेरा वर्षेही झाली नव्हती, आणि क्लबच्या सोयीसाठी तो देश बदलायला तयार नव्हता. १९७३ मध्ये त्याने मार्सेय सोडले.

स्पेनमध्ये वालेन्सियाने त्याला घेतले. स्वागत कसे झाले? एका स्थानिक वृत्तपत्राने मथळा दिला, त्याचा आशय असा: क्लब जर्मन खेळाडू आणायला गेला आणि काळा माणूस घेऊन परतला. युरोपात सहा वर्षे गाजलेल्या खेळाडूची ही ओळख! तो तिथे तीन मोसम खेळला. मग लिस्बनच्या स्पोर्टिंगमध्ये गेला, १९७८ मध्ये पोर्तुगालचा कप जिंकला आणि शेवटी अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड टी मेन या संघात खेळून निवृत्त झाला.

देशाकडून खेळताना मात्र मोठे यश थोडक्यात हुकले. १९७२ च्या आफ्रिका चषकात माली अंतिम सामन्यापर्यंत गेले आणि काँगोकडून २-३ असे हरले. जायबंदी केइताला तो सामना बाहेरून पाहावा लागला.

मायदेशी परतल्यावर १९९० च्या दशकात त्याने बामाकोत आपल्या नावाचे प्रशिक्षण केंद्र काढले. पुढे ल्याँ आणि रियल माद्रिदकडून खेळलेला महामादू जारा तिथलाच. केइताचा पुतण्या सेदू केइता हाही तिथूनच पुढे आला. १९९९ मध्ये वीस वर्षांखालील विश्वचषकात तो सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि नंतर गार्दिओलाच्या बार्सिलोना संघात दिसला. २००५ ते २००९ या काळात सालिफ केइताने मालीच्या फुटबॉल महासंघाचे अध्यक्षपदही सांभाळले. २ सप्टेंबर २०२३ रोजी, ७६ व्या वर्षी तो गेला.

त्याने चोरपावलांनी धरलेल्या वाटेवर आज हजारो आफ्रिकी मुले उभी आहेत. सगळ्यांना दागेर भेटत नाहीत. काहींना भेटतात ते खोटे दलाल. घरच्यांकडून पैसे उकळतात, चाचणीच्या नावाखाली परक्या शहरात नेतात आणि तिथेच सोडून देतात. अठरा वर्षांखालील खेळाडूंच्या देशांतरावर फिफाने २००१ मध्ये, काही अपवाद ठेवून, बंदी घातली ती अशाच फसवणुकीमुळे.

हा प्रश्न आपल्यापासूनही दूर नाही. गोव्याच्या डेंपो क्लबकडून खेळलेला नायजेरियाचा रँटी मार्टिन्स आणि तिथल्याच चर्चिल ब्रदर्सचा ओडाफा ओकोली यांचे गोल गोव्यातल्या श्रोत्यांनी डोळ्यांनी पाहिले आहेत. असे खेळाडू आजही आपल्या मैदानांवर येतात. ते गोल करतील तेव्हा टाळ्या वाजवाच. पण त्यांचा पगार वेळेवर होतो का आणि करारावर सही करण्यापूर्वी तो त्यांना कुणी वाचून समजावला का, हे आपापल्या क्लबच्या पदाधिकाऱ्यांना जरूर विचारा.