शाळेच्या रजिस्टरातलं वय

मी चेन्नईहून बोलतोय. इथे पेरुंगुडीला तमिळनाडू डॉ. आंबेडकर विधी विद्यापीठाचं आवार आहे. बाबासाहेबांचं नाव वाचून आपला मराठी माणूस दोन मिनिटं थांबतोच. मुलाला लॉला घालणाऱ्या एका नातेवाइकांनी मला विचारलं, "वर्ग कळले, परीक्षा कळल्या. पण लॉच्या विद्यापीठात ही संशोधन केंद्रं कशाला असतात? तिथे काय प्रयोगशाळा असते का?"

मी त्यांना पुण्याची एक गोष्ट सांगितली. तीच तुम्हाला सांगतो.

ऑगस्ट १९९४. पुण्यात एकाच घरातल्या सात जणांचा खून झाला. पाच बायका, त्यातली एक गरोदर, आणि दोन मुलं. १९९८ मध्ये पुण्याच्या कोर्टाने फाशी सुनावली, २००० मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. खरं सांगतो, तेव्हा मला कोणी विचारलं असतं तर मीही फाशीच म्हटलं असतं.

आता दिल्लीकडे वळू. तिथल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात 'प्रोजेक्ट ३९ए' नावाचं केंद्र होतं. राज्यघटनेचं ३९ए हे कलम गरिबाला मोफत कायदेशीर मदत द्या असं सांगतं, त्यावरून हे नाव. या मंडळींनी देशभरातल्या तुरुंगांत जाऊन फाशीच्या ३७३ कैद्यांशी बोलून २०१६ मध्ये अहवाल काढला. त्यातले जवळपास तीन चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुबळ्या घरांतले होते. नुसता अहवाल छापून ते थांबले नाहीत. कैद्यांच्या केसेसही त्यांनी हाती घेतल्या.

पुण्याच्या त्या खटल्यातल्या एका कैद्यालाही त्यांची मदत मिळाली. तो मूळचा राजस्थानातल्या बिकानेर जिल्ह्यातला. त्याचं नाव घेत नाही. का, ते कळेलच. कोर्टाच्या कागदांवर त्याचं वय विशीच्या आसपास होतं, नावही थोडं वेगळं. गावच्या शाळेच्या रजिस्टरात मात्र जन्मतारीख होती १ फेब्रुवारी १९८२. म्हणजे गुन्ह्याच्या दिवशी पोरगा साडेबारा वर्षांचा!

मी कोर्ट मार्शलवर सदस्य म्हणून बसलो आहे. आमच्याकडे जवानाचं वय शीट रोलमध्ये भरतीच्या दिवसापासून लिहिलेलं असतं, शोधावं लागत नाही. खेड्यातून कामाला आलेल्या पोराचा शीट रोल कोण ठेवणार?

अल्पवयीन असल्याचा मुद्दा खटला संपल्यावरही मांडता येतो, कायद्यात तशी सोय आहे. २०१८ मध्ये अर्ज झाला. सुप्रीम कोर्टाने पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांकडून चौकशी करवली आणि २७ मार्च २०२३ रोजी शाळेची तारीख मान्य केली. अशा मुलाला कायद्याने जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता येतं. हा अठ्ठावीस वर्षांहून जास्त आत होता, त्यातली बरीच वर्षं फाशीच्या छायेत.

एक गल्लत करू नका. कोर्टाने त्याला निर्दोष म्हटलं नाही, मूल म्हटलं. ज्यांचं घर उजाडलं त्यांना हा निकाल कसा वाटला असेल, यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण साडेबारा वर्षांच्या मुलाला आपण फासावर चढवलं असतं, आणि ते आपल्याला कळलंही नसतं.

नातेवाईक थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पण हे काम सरकारी वकिलाचं, नाही तर आरोपीच्या वकिलाचं. विद्यापीठाचं कसं?" बरोबर आहे. काम त्यांचंच होतं.

नागपूरच्या तुरुंगातून तो बाहेर आला तेव्हा शाळेच्या रजिस्टराप्रमाणे एकेचाळीस वर्षांचा होता.